अर्ध्या मिनिटाचा पाहुणा

पंगतीत वाढणाऱ्या माणसांचे मी दोन प्रकार मानतो. पहिल्या प्रकारातल्या माणसाच्या हातात जिलबीचे ताट आले की तो पानावर ढीग रचू लागतो. पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरतो, 'पुरे, पुरे' म्हणून कळवळतो, पण याचा हात थांबत नाही. कारण त्याचे लक्ष पाहुण्याच्या पोटाकडे नसते, आपल्या औदार्याकडे असते. दुसरा प्रकार दुर्मिळ. तो वरणभातावर तुपाची धार धरतो. ती हवी तिथे पडते, हवी तेवढीच पडते, आणि जेवणाराने मान वर करून पाहावे तो हा पुढच्या पानाशी पोचलेला असतो. त्या तुपाची चव मात्र शेवटच्या घासापर्यंत जिभेवर राहते.

कलावंतांचेही असेच दोन प्रकार असतात. जवळ असेल नसेल ते सारे पानात ओतणारे पुष्कळ. समोरच्या पानाला काय हवे ते ओळखून वाढणारे थोडे. हा फरक मला कधी गवयांत दिसला, कधी नटांत, कधी लेखकांत. पण तो अगदी लख्ख दिसला तो अशा जागी की जिथे संयम, औचित्य असले शब्द शोधायला सहसा कुणी जात नाही. ती जागा म्हणजे रॉक संगीत, आणि ज्याच्या हातात तो दिसला तो विजेची गिटार वाजवणारा ब्रायन मे.

'रॉक' म्हटल्याबरोबर काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. गोंगाट, लांब केस आणि चमचमते कपडे यांपलीकडे त्यात काय आहे, असे विचारणारी वडीलधारी माणसे अजून घरोघरी आहेत. गोंगाट असतो, हे खरे. पण बाजारातही गोंगाट असतो, आणि त्यातूनच आपण नेमके हवे ते आंबे निवडून घरी आणतो. तेव्हा फराळाचे ताट जवळ ओढावे आणि थोडा वेळ माझ्याबरोबर या बाजारातून हिंडावे, एवढीच विनंती.

'क्वीन' नावाचा चार जणांचा वाद्यवृंद १९७० साली लंडनमध्ये उभा राहिला. ब्रायन मे गिटार वाजवी, रॉजर टेलर ड्रम वाजवी, पुढच्याच वर्षी आलेला जॉन डीकन बेस गिटार सांभाळी, आणि गाणारा होता फ्रेडी मर्क्युरी. हा फ्रेडी आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे पाळण्यातले नाव फारोख बलसारा. पारशी आईबापांच्या पोटी तो १९४६ साली झांजिबारला जन्मला, आणि आठ वर्षांचा असताना शिकायला आला तो आपल्या पाचगणीला. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो राहिला, तिथेच पियानो शिकला, आणि शाळूसोबत्यांना जमवून त्याने पहिला वाद्यवृंद काढला तोही तिथेच. पाचगणीच्या थंड हवेत आणि लाल मातीत वाढलेला हा मुलगा पुढे साऱ्या जगाला आपल्या आवाजाने वेड लावणार होता. पण त्याच्या आवाजाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते तो आवाज थांबल्यावर जे ऐकू येते त्याविषयी.

रॉक गाण्याची एक ठरीव घडण असते. दोन कडवी गाऊन झाली की गायक थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत गिटार एकटी बोलू लागते. याला 'सोलो' म्हणतात. आपल्या मैफलीत गवई क्षणभर विसावला की सारंगीवाला किंवा पेटीवाला तेवढा अवकाश भरून काढतो, साधारण तसेच हे. फरक एवढाच की रॉकमध्ये त्या वेळी सगळे दिवे गिटारवाल्याच्या अंगावर येतात. समोर हजारो माणसे, बोटे तयार, जागा मोकळी, गायक बाजूला उभा. अशा वेळी मोह किती मोठा असेल, विचार करा! पुष्कळ जण त्या मोहाला बळी पडतात. मग एका सेकंदात किती सूर कोंबता येतात याची शर्यत सुरू होते. बोटे धावतात, गर्दी टाळ्या वाजवते, आणि गाणे बिचारे छत्री विसरल्यासारखे कुठेतरी मागे राहून जाते.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले आहे की औचित्य हा रसाचा प्राण. आणि दाखला दिला आहे तो दागिन्यांचा. कमरेची मेखला गळ्यात घातली आणि गळ्यातला हार कमरेला बांधला, तर दोन्ही दागिने सोन्याचे असूनही लोक हसणारच. दागिना खोटा नसतो, जागा चुकलेली असते. ब्रायन मे याने क्षेमेंद्र वाचला असेल असे मला वाटत नाही. पण १९७५ सालच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्यातला त्याचा सोलो ऐकताना क्षेमेंद्र मला हटकून आठवतो.

हे गाणे फ्रेडीने रचलेले. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, एवढी त्याची लांबी. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लावण्याच्या त्या काळात ती भलतीच होती. एक तरुण आपल्या आईला सांगतो आहे की माझ्या हातून माणूस मारला गेला. पियानोच्या साथीने ही करुण कबुली चालते. पुढे गाण्याचा नूर अचानक पालटतो आणि युरोपातल्या संगीत नाटकासारखा, अनेक आवाजांचा एक चमत्कारिक तमाशा सुरू होतो. त्यानंतर गिटारीचा गडगडाट, आणि शेवटी पुन्हा शांतता. गाणे कसले, चार खणी वाडाच तो! पहिल्या खणात सुतक आणि दुसऱ्यात सोंगांचा खेळ. या दोन खणांमध्ये जो उंबरठा आहे तोच ब्रायनचा सोलो.

उंबरठा मुद्दाम म्हणतो. फ्रेडीचा आवाज दुसऱ्या कडव्याच्या शेवटी वर चढतो, आणि त्याचा श्वास संपतो तिथेच गिटार तो सूर उचलते. आवाज कुठे सरला आणि तार कुठे सुरू झाली, हे पहिल्या ऐकण्यात कळतसुद्धा नाही. मघाशी गायलेली चालच गिटारीवर पुन्हा वाजवून दाखवणे सोपे होते. गर्दीला तेही आवडले असते. ब्रायनने तसे केले नाही. त्या चालीला जोड म्हणून शोभेल अशी स्वतंत्र, छोटी चाल आपल्याला हवी होती, असे त्याने पुढे सांगितले आहे. बहिणीने बहिणीसारखे दिसावे, पण तिची सावली होऊ नये, तसे हे नाते. मुलाने आईला जे सांगितले ते शब्दांत होते. शब्दांत न मावलेले जे मागे उरले ते गिटार सांगते.

आणि किती वेळ सांगते? पुरते अर्धे मिनिटही नाही. सुरुवातीचे सूर लांब, गाणाऱ्याच्या गळ्यातून यावेत तसे. तार बोटाने बाजूला ओढून तो सूर असा चढवतो की सतारीवरची मींड आठवावी. मग हळूहळू सूर दाट होतात, मागून ड्रम चढत जातात, आणि अगदी शेवटी, पहिल्यांदाच, बोटे धावतात. पण ती शर्यतीत धावत नाहीत. जिना उतरून खाली यायचे असते म्हणून धावतात. सारा आवाज खाली येतो, एकदम थांबतो, आणि पियानोचे ठोके टकटक वाजू लागतात. स्वरपट्टी बदललेली असते, खण बदललेला असतो, आणि गिटार तिथे नसते. ज्या दारातून आपल्याला न्यायचे होते ते उघडून देऊन ती निघून गेलेली असते. तूप वाढणारा पुढच्या पानाशी गेला!

या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकीकत कळल्यावर तर या अर्ध्या मिनिटाचे मोल मला आणखीच वाटू लागले. त्या अनेक आवाजांच्या भागासाठी फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघेच आठवड्यामागून आठवडे गात होते. एकाच फितीवर आवाजांचे इतके थर चढवले गेले की फीत झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले. उधळपट्टीच म्हणायची ती! अशा या गाण्यात ब्रायनने आपल्या सोलोसाठी गिटारीचा थर दिला किती? एक. त्याच तबकडीवर 'गुड कंपनी' नावाचे त्याचे एक गाणे आहे. त्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा जुन्या जाझचा सबंध ताफा ऐकू येतो, आणि तो सारा ताफा म्हणजे एकट्या ब्रायनची गिटार आहे. सूर एकावर एक रचून त्याने अख्खा बँड उभा केला. ज्याला हे साधते त्याने 'रॅप्सडी'त एकच गिटार वापरावी, याचा अर्थ मला असा लागतो की एकट्या मुलाच्या दुःखाला एकटीच गिटार शोभेल, हे त्याला कळले होते.

कुणी म्हणेल, संयमाची ही स्तुती म्हणजे ज्यांची बोटे चालत नाहीत त्यांची पळवाट आहे. शंका रास्त आहे. ज्याच्या घरी तलवारच नाही त्याच्या अहिंसेचे कौतुक किती करायचे? पण १९७४ सालचे 'ब्राइटन रॉक' ऐकावे. तिथे तलवार म्यानाबाहेर आहे. रंगमंचावर तर तो आपल्याच वाजवण्याचा प्रतिध्वनी काही वेळाने परत येईल अशी यंत्राची सोय करी, आणि त्या परतलेल्या सुरांवर नवे सूर बसवी. एक माणूस स्वतःशीच तिहेरी जुगलबंदी खेळतो आहे असे ते दृश्य. तेव्हा तयारी होती, आणि ती दाखवायची हौसही होती. फक्त त्या हौसेला स्वतःचे वेगळे अंगण होते. दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून गेल्यावर तो तिथे आपला संसार मांडत नसे.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीला आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कॉलेजातल्या वाद्यवृंदात गिटार वाजवतो. बोटे अशी तयार की बघत राहावे. त्याने एका संध्याकाळी हाच सोलो मला वाजवून दाखवला. सगळे सूर जागच्या जागी होते. मग म्हणाला, "मामा, हे तसं सोपं आहे. दोन दिवसांत बसलं. आता बघा, मी यात थोडी भर घातली आहे." आणि त्याने त्याच जागेत दुप्पट सूर वाजवले. खोटे कशाला बोलू, थक्क करणारी गोष्ट होती ती. मी तसे सांगितलेही. पण पोरगा खूष होईना. थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या वाद्यवृंदात गाणारी जी मुलगी आहे तिने त्याला स्पष्ट सांगितले होते, "तू वाजवायला लागलास की पुढचं कडवं कुठून उचलायचं तेच मला कळत नाही." पुढच्या गाण्यांना दुसरा गिटारवाला बघू या, अशी कुजबुजही सुरू झाली होती. तीन वर्षांची मैत्री त्यांची. गिटार मांडीवर आडवी ठेवून तो म्हणाला, "मग मी रोज चार चार तास रियाझ केला तो कशासाठी, मामा? न वाजवण्यासाठी?"

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. विसाव्या वर्षी माणसाने कमावलेली ती पहिली इस्टेट असते. ती खर्चायची नाही असे कुणी म्हटले तर त्याने कळवळावे हे साहजिकच आहे. मी त्याला उपदेश केला नाही. ब्रायन मेची आणखी दोन गाणी त्याला ऐकवली.

पहिले १९७७ सालचे, 'वुई विल रॉक यू'. जगातल्या बहुतेक क्रीडांगणांवर ते आज ऐकू येते: दोन वेळा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रणाची जागा होती. तिथल्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो आवाज घेतला, आणि थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने त्याचे थर रचून चार माणसांचा मोठा जमाव केला. आता गंमत पाहा. हे गाणे फ्रेडीचे नव्हे, खुद्द ब्रायनचे. गिटारवाल्याने रचलेले गाणे. आणि त्यात गिटार जवळजवळ शेवटपर्यंत गप्प! पाय, टाळ्या आणि फ्रेडीचा आवाज, बस्स. दोन मिनिटांच्या गाण्यात जेमतेम शेवटचे अर्धे मिनिट राहते तेव्हा ती बोलते, आणि तिच्या बोलण्यावरच गाणे संपते. इतका वेळ ती गप्प बसली नसती, तर तिचा पहिला सूर अंगावर असा आला असता का?

दुसरे १९७९ सालचे, 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'. एल्व्हिस प्रेस्लीच्या जमान्याची आठवण करून देणारे फ्रेडीचे हलकेफुलके गाणे. त्यातल्या सोलोसाठी ब्रायनने आपली गिटार बाजूला ठेवली, आणि रॉजर टेलरची फेंडर जातीची गिटार हातात घेतली. निर्मात्याचा तसा आग्रह होता, कारण जुन्या काळच्या त्या गाण्याला तोच जुना, कोरडा, टणत्कारी आवाज हवा होता.

"एवढंच ना? गिटार बदलली," भाचा म्हणाला. मग मी त्याला ती बाजूला ठेवलेली गिटार कोणती होती ते सांगितले.

ब्रायन सोळा वर्षांचा असताना त्याला विजेची गिटार हवी होती आणि घरात पैसे नव्हते. वडील, हॅरल्ड मे, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार इंजिनियर. १९६३ सालच्या ऑगस्टात बापलेकांनी ठरवले की गिटार घरीच करायची. कुणा परिचिताच्या घरातली शंभर वर्षांपूर्वीची शेकोटीची लाकडी चौकट टाकून द्यायची होती. तिच्यातून गिटारीची मान कोरली. किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्या ठोकून बुजवली. एका जुन्या टेबलाचे ओक लाकूड अंगाला लागले. सूर हेलकावता यावा म्हणून जो दांडा असतो त्याच्या खाली जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा बसवल्या. दांडा सायकलच्या सुट्या भागाचा, आणि त्याचे टोक आईच्या विणायच्या सुईचे. मानेवरच्या खुणेच्या ठिपक्यांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. या साऱ्याला सुमारे दोन वर्षे लागली आणि खर्च आला आठ पौंडांच्या आसपास. घरी आकाशकंदील करताना खळ, कामट्या आणि जिलेटीनचे कागद घेऊन बसलेल्या बापलेकांना ही हकीकत वेगळी समजावून सांगायला नको.

या तांबूस गिटारीचे नाव 'रेड स्पेशल'. ब्रायन तिला लाडाने 'ओल्ड लेडी' म्हणतो, म्हणजे आमची म्हातारी! ती वाजवायला तो दुकानातली प्लास्टिकची पट्टी वापरत नाही. सहा पेन्सचे जुने इंग्रजी नाणे वापरतो. नाणे वाकत नाही, त्यामुळे तारेचा सगळा प्रतिसाद थेट बोटांना कळतो. आणि त्याच्या दातेरी कडेमुळे सुराच्या आरंभी किंचित खरखर येते, बोलताना व्यंजन यावे तशी. त्याची गिटार बोलते आहे असे जे वाटते त्याचे एक कारण हे असावे. तर ही गिटार, वडिलांच्या हाताची आणि आईच्या बटणांची, मित्राच्या गाण्याला शोभत नाही म्हणून त्याने बाजूला ठेवली. ब्रायनने नुसती गिटार बदलली होती, असे यावर कसे म्हणायचे?

भाचा काही बोलला नाही. दोन दिवसांनी सकाळी मी पाहिले तर तो गॅलरीत बसून 'रॅप्सडी'ची कडवी गुणगुणत होता. गिटार खोलीतच होती. सोलोच्या आधी काय गायले जाते तेच मुळी त्याने आजवर नीट ऐकलेले नव्हते, असे तो म्हणाला. पुढे त्यांच्या वाद्यवृंदाचे काय झाले ते अजून मला कळलेले नाही. दिवाळीत येईल तेव्हा विचारीन. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटते. चार तासांचा रियाझ वाजवण्यासाठीच असतो. मात्र त्या रियाझातून हाताशी जे शंभर मार्ग येतात त्यांतला एक निवडण्याची मोकळीक तयारीच्या माणसालाच असते. ज्याला एकच वाट ठाऊक आहे तो निवडणार काय? 'रॅप्सडी'तल्या त्या थोड्या सुरांच्या मागे न वाजवलेल्या हजारो सुरांचे बळ आहे, आणि कान ते ओळखतो, जरी त्याला ते सांगता आले नाही तरी.

या गिटारीच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो आपल्या घरांतून नेहमी दिसणारा आहे. ब्रायन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीचे संशोधन करीत होता. सूर्याभोवती जी बारीक धूळ पसरली आहे तिच्या गतीचा अभ्यास, हा त्याचा विषय. 'क्वीन'चे नाव होऊ लागले तसे त्याने ते संशोधन अर्ध्यावर सोडले. ज्या वडिलांनी त्याच्याबरोबर बसून गिटार घडवली, त्यांनाच हे मुळीच रुचले नाही. शिकलेसवरलेले पोर गाण्याबजावण्याच्या नादी लागले! बापलेकांत कित्येक दिवस अबोल्यासारखे होते. पुढे ब्रायनने आईवडिलांना कॉंकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आपला कार्यक्रम दाखवला, तेव्हा कुठे वडिलांच्या मनातली अढी गेली. मुलाने मागाहून ते संशोधनही पुरे केले. तीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, २००७ साली, त्याने प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळवली. थांबणे ज्याला येते त्याला पुन्हा सुरू करणेही येते, असे दिसते.

दुसऱ्याचे ऐकणे हा या माणसाच्या वाजवण्याचा पाया आहे. आणि ऐकून घेण्याची ही सवय एकतर्फी नव्हती. १९७४ साली ब्रायन आजारी पडून रुग्णालयात होता तेव्हा बाकीच्या तिघांनी नव्या तबकडीचे काम चालू ठेवले. पण जिथे जिथे त्याची गिटार यायची तिथे तिथे जागा मोकळी सोडली. त्याच तबकडीवरच्या 'किलर क्वीन' या फ्रेडीच्या गाण्यात ब्रायनचे सूर घंटानादासारखे एकामागून एक उमटत एकमेकांत मिसळतात. पानावरची ती जागा मित्रांनी त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

या सगळ्या हिशेबाची फेड मला १९९१ सालच्या 'बिजू' या छोट्या गाण्यात ऐकू येते. 'बिजू' म्हणजे फ्रेंच भाषेत रत्न, अलंकार. तेव्हा फ्रेडी फार आजारी होता. या गाण्यात दोघांनी नेहमीची घडण उलटी केली. कडव्यांच्या जागी गिटार गाते, सावकाश आणि आर्त. आणि जिथे नेहमी गिटारीचा सोलो यायचा तिथे, मधल्या मोकळ्या जागेत, फ्रेडीचा आवाज येतो. मोजक्या ओळी म्हणतो आणि पुन्हा सारे गाणे गिटारीच्या स्वाधीन करतो. जन्मभर ज्याने मित्राच्या गाण्यात पाहुणा म्हणून थोडा वेळ यायचे, त्याच्या घरी आज तो मित्र पाहुणा झाला होता. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला.

या दिवाळीत सवड मिळाली तर हे गाणे ऐका. फटाके थांबलेले असावेत, मुले झोपलेली असावीत, आणि दारातल्या पणतीत अजून थोडे तेल शिल्लक असावे. फ्रेडीच्या मोजक्या ओळी संपतात आणि गिटार पुन्हा सुरू होते ती जागा नीट ऐका. ती घाई करीत नाही. त्याचा शेवटचा सूर हवेत पुरता विरू देते, आणि मग हलकेच आपला पहिला सूर लावते.